कंपनीसारखी करून आणा

दादाने गाडी विकायचं काढलं तेव्हा मी ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. तो शेडमधून आला, खाटेची कड हाताने चाचपून बसला आणि म्हणाला, "बाई, ती गाडी काढून टाकू. तुझ्या फोनवर फोटो टाक तिचे."

मला आधी चेष्टा वाटली. सुपातले खडे काढायचं काम मी तसंच चालू ठेवलं. मग त्याच्याकडे पाहिलं, तर तो चेष्टा करत नव्हता.

आमचं घर नेकनूरला. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे नऊ वर्षांनी मोठा असलेला दादाच मला वडिलांच्या ठिकाणी होता. केज तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तो फिटर म्हणून लागला आणि त्याच्या पगारावर मी बीडला शिकले. दूध संघात मला नोकरी लागली ती दूध तपासायच्या खोलीत. आल्या दुधाचं फॅट बघायचं, रंग बघायचा, पास की नापास ते सांगायचं. घरात आम्ही तिघंच: माय, दादा आणि मी.

ही गाडी त्याने पुण्याहून आणली ती दुसऱ्या गाडीला दोर बांधून, ओढत. दोन दारांची, बुटकी, परदेशी बनावटीची. पहिल्या मालकाने इंजिन जाम करून ठेवलं होतं. गाव बघायला जमलं. हिच्यात बसायचं कसं आणि बसल्यावर उठायचं कसं, यावर बरीच चर्चा झाली. पुढची चार-पाच वर्षं सुटीचा प्रत्येक दिवस दादाने त्या गाडीला दिला. इंजिन खोलून नव्याने बांधलं. जास्तीची हवा दाबून इंजिनात सोडणारा टर्बो बसवला. स्प्रिंगा बदलून गाडी आणखी खाली बसवली, रुंद चाकं घातली, मोठ्या डिस्कचे ब्रेक लावले, शर्यतीच्या गाडीत असतात तशा खोलगट सीटा टाकल्या. सायलेन्सरचा पाइप कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वाकवला. त्याला वेल्डिंग केलं ते बॉयलर दुरुस्त करणाऱ्या वेल्डरने, ड्युटी संपल्यावर, आणि बदल्यात फक्त एक चक्कर मागितली. तिथल्या कितीतरी जणांचा हात त्या गाडीला लागला होता. हंगाम संपल्यावर सगळी शिफ्ट मिळून ती गाडी मांजरसुंब्याच्या घाटात घेऊन जायची आणि दोन-दोन जण बसवून फिरवायची.

मग पाऊस गेला. एक वर्ष नाही, लागोपाठ. ऊस जळाला, तसा कारखान्याने एक हंगाम घेतला नाही, मग दुसराही घेतला नाही. वर्कशॉपच्या लोकांना घरी बसायला सांगितलं. वेल्डर पुण्याकडे गेला, बाकीचे जिकडे वाट दिसली तिकडे गेले. आमच्या दूध संघातही कॅन रिकामे यायला लागले, कारण जनावरं चारा छावणीत उभी होती आणि त्यांच्या अंगात दूधच नव्हतं. दादाने घरामागच्या शेडमध्ये पाण्याच्या मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायला घेतले. गाडी तो कोरड्या फडक्याने पुसायचा. टँकरच्या पाण्याचा एक तांब्यासुद्धा त्याने तिच्यावर कधी ओतला नाही. दोन वर्षांत तिचा निळा रंग धुळीखाली मातकट झाला होता.

आणि त्याची नजर गेली. गेली म्हणजे एकदम नाही. संध्याकाळनंतर त्याला दिसेना, मग दिवसासुद्धा बाजूचं दिसेना. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यामागचा पडदा वाळत चाललाय, यावर औषध नाही. मायच्या भावाला, म्हणजे आमच्या मामाला, हेच होतं. डॉक्टर म्हणाले, हे आईच्या माहेरकडून येतं. माय तिथेच स्टुलावर बसलेली होती.

तर अशी ती गाडी विकायची होती. मी म्हटलं, राहू दे ना शेडमध्ये, काय खायला मागते का. दादा म्हणाला, "गाडी उभी राहिली की सडती. चालू हाय तवर कुणी तरी चालवावी."

आधी आम्ही डीलरकडे गेलो. बीडच्या बायपासला जुन्या गाड्यांचं एक मोठं दुकान होतं, त्याच्याकडे. गाडी मी चालवली. मला त्यानेच शिकवली होती, पण ही गाडी माझ्या हाताला कधी नीट आली नाही. क्लच इतका कडक की वाटेतलं पाली गाव ओलांडेपर्यंत पाय भरून आला. दुकानाचा मालक पन्नाशीचा, शांत बोलणारा होता. त्याने गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, बॉनेट उघडायला लावलं. आमच्यासाठी चहा मागवला. मग म्हणाला की भाऊ, काम लई चांगलं केलंय, पण तुम्ही जे जे केलंय ते सगळं माझ्यासाठी वजा आहे.

त्याने समजावून सांगितलं तेही नीट. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक कर्ज काढून गाडी घेतं. कर्ज देणारा आधी गाडीचं आरसी पुस्तक बघतो, मग गाडी बघतो. पुस्तकात आहे ते गाडीत नसलं आणि गाडीत आहे ते पुस्तकात नसलं, तर तो उठून जातो. उद्या कुणी ठोकली तर विम्यावाले हात वर करणार आणि लोक दुकानावर येणार. "ही कंपनीसारखी करून आणा," तो म्हणाला, "मी आजच्या आज घेतो. न्हाईतर अशीच सोडून जा, मी खोलून पार्ट-पार्ट इकतो."

त्याने कागद साफ आहेत का एवढं विचारलं. का विकताय हे त्याने विचारलं नाही. परत येताना दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. माणूस सरळ हाय, एवढंच म्हणाला.

मग मी फोटो काढले आणि विकायच्या साइटवर जाहिरात टाकली. गाडीला काय काय केलंय ते दादाने सांगितलं, मी टाइप केलं. तेव्हापासून दर रविवारी आमच्या दारात माणसं यायला लागली.

आलेला प्रत्येक जण चहाच्या आत एकच प्रश्न विचारायचा. एवढी मेहनत केली, मग कावून इकायलाव? डीलरने न विचारलेला हा प्रश्न इथे कुणालाच टाळता येत नव्हता, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. अशी गाडी कुणी उगाच का काढेल? काहीतरी खोट असणार.

लातूरहून आलेल्या दोघांना दादाने सांगितलं की मला मोठी गाडी घ्यायची आहे. गेवराईच्या एका पुढाऱ्याच्या मुलाला सांगितलं की मी दुबईला चाललोय, कंपनीचं पत्र आलंय. वडवणीच्या एका कापूस व्यापाऱ्याला सांगितलं की लग्न ठरलंय, बायकोला ही गाडी नको आहे. तो हसला, दादाही हसला. दाराआड उभी असलेली माय आत निघून गेली.

मला त्या रविवारांची धास्ती वाटायला लागली. दादा आधीच खाटेवर जाऊन बसायचा, म्हणजे कुणासमोर अडखळायला नको. आलेला माणूस बाजूने हात पुढे करायचा आणि दादाला तो दिसायचा नाही. मग मी मागून त्याच्या कोपराला हलकंच बोट लावायचे. ठरवून नाही, आपोआप तसं व्हायला लागलं. चहाचा कप मी त्याच्या हातातच द्यायचे. माणूस चक्कर मारायला गेला की मी शेजारी बसून जायचे, आणि दादा अंगणात उभा राहून आवाज ऐकायचा. गाडी मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी तो तसाच उभा असायचा, असं माय सांगायची. परत आलो की तो भाव बोलायचाच नाही. लातूरची पोरं गियर ओरबाडून टाकतात म्हणाला. पुढाऱ्याच्या मुलाला नुसता आवाज पाहिजे होता, मिरवणुकीत. व्यापाऱ्याने क्लचवरचा पाय काढलाच नाही. सगळ्यांनाच त्याने नाही म्हणून सांगितलं.

एका रविवारी मी चिडले. म्हटलं, "दादा, तुला इकायची हाय का न्हाई ते एकदा सांग. आठवड्यातून एक सुट्टी मिळते मला, ती बी ह्याच्यात चाललीय."

तो म्हणाला, "अजून एखादा बघू. न्हाईच जमलं तर बायपासला देऊन टाकू."

पुढच्या रविवारी अंबाजोगाईहून एक प्राध्यापक आले. चाळिशी ओलांडलेले, सडपातळ, पायात साध्या चपला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. लहानपणापासून अशी गाडी चालवायची इच्छा होती, आता घर बांधून झालं, तर म्हटलं बघावं, असं त्यांनी थोडं लाजतच सांगितलं. चक्कर मारताना त्यांनी गाडी एवढी हळू चालवली की मागून ट्रॅक्टर पुढे गेला. खड्डा आला की ते गाडीला सॉरी म्हणायचे. मला हसू आलं. परत आलो तर दादाचा चेहरा बदललेला होता. मला हळूच म्हणाला, ह्यांचा हात चांगला हाय.

मी चहा टाकायला आत गेले. कपबशा घेऊन दारापर्यंत आले तेव्हा दादा पाण्याचा तांब्या उचलायला गेला होता आणि त्याचा हात तांब्याच्या शेजारून रिकामा फिरत होता. प्राध्यापकांनी तांब्या त्याच्या हाताला लावून दिला.

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली. असाच हात फिरायचा त्यांचा."

मला वाटलं दादा आता आणखी एक काहीतरी सांगणार. पण त्याने सांगितलं ते खरं सांगितलं. म्हणाला, सहा वर्षं झाली. मी दारातच थांबले, कारण आम्हाला दोनच वर्षं माहीत होती.

तो सांगत गेला, आवाज न चढवता, एखाद्या पंपाचं काम समजावून सांगावं तसा. कारखान्यात रात्रपाळीला जिन्याची पायरी चुकायला लागली तेव्हाच कळलं होतं. मामाचं बघितलेलं होतं लहानपणापासून, त्यामुळे कुणाला विचारायची गरज पडली नाही. रात्रपाळी दुसऱ्यांशी बदलून घ्यायला लागला. गाडी फक्त उन्हात काढायला लागला. "युसूफ वडगावचं एक स्थळ आलंतं," तो म्हणाला. "पोरगी बघून आलतो. चांगली होती, बोलायला लई मोकळी. माय खूश होती. मी न्हाई म्हणलो. गाडीला पैसा लागतो, आत्ता लग्न नको म्हणलो. घरच्याला वाटलं, गाडीचं याड हाय."

मला ते स्थळ चांगलं आठवत होतं. त्या नकारावरून माय कितीतरी दिवस गाडीला शिव्या देत होती. मीसुद्धा दिल्या होत्या. एकाच घरात राहून, रोज एका ताटलीत भाकरी मोडून, मला यातलं काही माहीत नव्हतं. ते तो एका परक्या माणसाला सांगत होता, मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि हातातला चहा निवत होता.

प्राध्यापकांनी त्याला धीर वगैरे दिला नाही. ते म्हणाले की मला गाडी पसंत आहे, भाव तुम्ही सांगाल तो. पण एक फेरी तुम्ही शेजारी बसून चला माझ्याबरोबर. दोघं घाटापर्यंत जाऊन आले. येताना गाडीचा आवाज पुष्कळ लांबून, मोकळा ऐकू आला. म्हणजे दादाने त्यांना ती चालवायला लावली होती, जशी चालायला पाहिजे तशी. तो उतरला तेव्हा घामाने भिजला होता आणि खूश होता. त्या सगळ्या वर्षांत मी त्याला शेवटचं खूश बघितलं ते तेव्हा.

पुढच्या रविवारी ते गाडी न्यायला येणार होते. शनिवारी त्यांचा फोन आला. फोन मी उचलला, पण त्यांनी दादाशीच बोलायचंय म्हणून सांगितलं, तेव्हा मी फोनचा आवाज मोठा करून त्याच्या हातात दिला. ते फार अवघडून बोलत होते. म्हणाले, घरी सगळं सांगितलं, लपवायला नको म्हणून. पण ज्याने ब्रेकचं काम केलं त्याला त्या वेळी नीट दिसत नव्हतं, हे कळल्यावर घरचे त्या गाडीत बसायला तयार नाहीत. मुलं आहेत घरात. मला माफ करा.

"बरोबर हाय, सर," दादा म्हणाला. "त्यांच्या जागी मी असतो तर मी बी बसलो नसतो."

फोन बंद केल्यावर तो तसाच हातात धरून बसला. मी म्हटलं, दादा, ब्रेकला तर काही झालेलं नाही, चार वर्षं चालवतोय आपण. तो म्हणाला, मला माहीत हाय. एवढे दिवस तो खोटं सांगत होता तेव्हा लोक गाडी घ्यायला तयार होते. मला प्राध्यापकांचाही राग येईना. तेवढा राग तरी यायला हवा होता, असं वाटत राहिलं.

सोमवारी मी संघातून आले तर शेडमध्ये गाडी ठोकळ्यांवर उभी होती आणि तिची चाकं काढलेली होती.

कंपनीचे मूळ पार्ट त्याने सगळे जपून ठेवलेले होते. साखरेच्या रिकाम्या पोत्यांत, ग्रीस लावून, तोंडं बांधून. स्प्रिंगा, सायलेन्सर, ब्रेक, सीटा, सगळं. ते एक-एक परत लावायला त्याने सुरुवात केली. मी आल्यावर मदतीला बसायचे, पण त्याला पान्याचा नंबर सांगण्यापलीकडे माझा उपयोग नव्हता. तो गाडीखाली उताणा पडून डोळे मिटून घ्यायचा. उघडे ठेवले की घोटाळा होतो म्हणायचा, थोडं दिसतं आणि तेवढंच चुकवतं.

पाइपाजवळ आला तेव्हा त्याने वेल्डिंगच्या सांध्यावरून बराच वेळ अंगठा फिरवला. हे कुणी केलं होतं, त्या दिवशी कारखान्यात काय झालं होतं, साहेब कसा अचानक आला आणि मग त्यानेच कसा पाइप धरून ठेवला, हे सगळं त्याने मला सांगितलं. मग पाइप कापला.

माय शेडकडे येत नव्हती. एका दुपारी आली आणि दारात बसली. नवीन सीट, म्हणजे खरं तर जुनी, तो घट्ट करत होता.

"माझ्याकडून आलं रे हे तुला," ती म्हणाली.

दादाचा पाना थांबला. डॉक्टरकडून आल्यापासून आम्ही तिघं आपसात यावर कधी बोललो नव्हतो.

"तुझ्याकडून लई काय काय आलंय, माय," तो म्हणाला. "च्या ठेव थोडा."

ती उठली आणि चहा ठेवला. मी तिथेच बसून होते, पण मला वर बघवलं नाही.

गाडी तयार झाली तशी मी ती बायपासला नेली. क्लच आता मऊ होता, कुणालाही चालवता येईल असा. दुकानाच्या मालकाने बोलल्याप्रमाणे लगेच घेतली. पुन्हा चहा मागवला. त्याच्या माणसाने गाडी चालू करून रांगेत नेऊन लावली. दादा माझ्या शेजारी उभा होता. रस्त्यावरून ट्रक चालले होते, एक एसटी वळत होती. त्याने कान दिला, पण आता त्या आवाजात वेगळं काही उरलेलं नव्हतं.

"कोणती आपली?" त्याने विचारलं.

मी त्याचा हात धरून त्या दिशेला केला.

पुढे पाऊस झाला. ऊस लागला, कारखानाही सुरू झाला, पण वर्कशॉपला नवी माणसं घेतली. दादाला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पंपांचं काम तो अजून करतो. माझं लग्न गावातच झालं, त्यामुळे मला रोज तिकडे जाता येतं. मला मुलगा झाला तेव्हा सगळे आनंदात होते आणि दादा एकटा गप्प होता. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलेलं त्याने आणि मी दोघांनीही ऐकलेलं होतं. आजार मुलीतून पुढे जातो आणि मुलाला होतो. होईलच असं नाही, पण होऊ शकतो. तपासणी करता येते. मी अजून केलेली नाही.

मुलगा आता शाळेत जातो. संध्याकाळी आम्ही गेलो की दादा त्याला शेडमधून काहीतरी आणायला सांगतो. कधी पकड, कधी सुतळी, कधी नुसता एखादा बोल्ट. दिवा लावायच्या आधी, उजेड गेलेला असताना. त्याला त्यातलं काहीच नको असतं, हे मला कळतं आणि मला कळतं हे त्यालाही माहीत आहे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मुलगा धावत जातो आणि दादा मान थोडी तिरकी करून त्याच्या पावलांकडे कान लावतो. मीही हातातलं काम थांबवते. आजपर्यंत तो कुठे अडखळलेला नाही.